स्क्रिव्हनर: मराठी कादंबरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यासाठी

कादंबरीचा पहिला खर्डा कशावरही लिहून होतो. वही चालते, वर्ड चालतं, गूगल डॉक्स चालतं, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी लिहिणारेही आहेत. स्क्रिव्हनर या सॉफ्टवेअरची खरी किंमत कळते ती त्यानंतर. साठ-सत्तर हजार शब्द हाताशी आहेत, मधला भाग रेंगाळतोय हे जाणवतंय, पण कुठला प्रसंग उचलून कुठे ठेवायचा ते अडीचशे पानांच्या सलग फाइलमध्ये काही केल्या दिसत नाही. या टप्प्यावर चांगली चांगली हस्तलिखितं वर्षानुवर्षं पडून राहतात. लिहिणाऱ्याची हौस तोवर शिल्लक असते, पण आख्खं पुस्तक एका नजरेत धरायची सोय नसते. ती सोय स्क्रिव्हनर उत्तम देतं. मराठीत ते कितपत चालतं आणि कुठे अडतं, हे मात्र विकत घेण्याआधी माहीत असायला हवं, कारण शेवटच्या टप्प्यावर ते नक्की अडतं.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या ‘लिटरेचर अँड लाटे’ या छोट्या कंपनीचं हे उत्पादन आहे. कीथ ब्लाउंट याला स्वतःची कादंबरी लिहायची होती. हवं तसं साधन बाजारात मिळेना, म्हणून तो प्रोग्रामिंग शिकला आणि ते त्याने स्वतःच तयार केलं. मॅकसाठीची पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये आली, विंडोजसाठीची २०११ मध्ये, आयफोन-आयपॅडची २०१६ मध्ये. तिसरी आवृत्ती मॅकवर नोव्हेंबर २०१७ मध्ये आली आणि विंडोजवर यायला मार्च २०२१ उजाडला. विंडोजवाल्यांनी तेव्हा कुरकुर केली ती रास्तच होती. पण चार-पाच वर्षं एकाच पुस्तकावर काम करणाऱ्याला या संथपणाचा फायदाही होतो. दर वर्षी मेनू इकडचे तिकडे होत नाहीत, आणि जुन्या आवृत्तीतला प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडला की आधी त्याची प्रत काढून ठेवली जाते, मगच तो नव्या स्वरूपात बदलतो.

पैसे एकदाच द्यायचे, दरमहा वर्गणी नाही. मॅक किंवा विंडोज यांपैकी एकाचं लायसन्स साधारण ६० डॉलरला पडतं, म्हणजे पाच हजार रुपयांच्या घरात. दोन्ही हवे असतील तर एकत्र संच थोडा स्वस्त मिळतो. आयफोन-आयपॅडचं अ‍ॅप वेगळं विकत घ्यावं लागतं. अँड्रॉइडवर हे नाही, ब्राउझरमध्येही नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, त्यामुळे ही मोठी उणीव आहे. तिच्यावरची वाट पुढे सांगितली आहे.

प्रोजेक्ट उघडला की डावीकडे बाइंडर दिसतो. त्यात तीन मुख्य फोल्डर असतात: ड्राफ्ट, रिसर्च आणि ट्रॅश. काही नमुन्यांमध्ये ड्राफ्टला मॅन्युस्क्रिप्ट म्हटलेलं असतं. ड्राफ्टमध्ये फक्त मजकूर राहतो आणि शेवटी पुस्तकाची फाइल त्यातूनच तयार होते. पीडीएफ, जुने फोटो, वेबपानं, कोर्टाच्या कागदांचे स्कॅन हे सगळं रिसर्चमध्ये टाकायचं. पडदा दुभागून एका बाजूला तो स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला चालू प्रसंग ठेवता येतो. अनुवादकांना तर एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर घ्यावंसं वाटेल: डावीकडे मूळ पुस्तकाची पीडीएफ, उजवीकडे मराठी, आणि मध्ये खिडक्यांची उलथापालथ नाही.

नव्याने वापरणारे बहुतेक जण एक प्रकरण म्हणजे एक दस्तऐवज अशी रचना करतात आणि मग म्हणतात, यात वर्डपेक्षा वेगळं काय? प्रकरणं शेवटी ठरतात. आधी हवेत ते प्रसंग. एक जागा, एक वेळ, एक घडामोड, एवढं एका दस्तऐवजात. मराठी कादंबरीत असा प्रसंग साधारण ८०० ते १५०० शब्दांचा होतो, म्हणजे ७५,००० शब्दांच्या कादंबरीचे साठ-सत्तर तुकडे. वर्डमध्ये लिहिलेला जुना खर्डा असेल तर दोन प्रसंगांच्या मध्ये, स्वतंत्र ओळीवर हॅशचं चिन्ह टाकत जायचं आणि फाइल मेनूतून ‘इम्पोर्ट अँड स्प्लिट’ करताना विभाजक म्हणून तेच चिन्ह द्यायचं. सगळे तुकडे आपोआप वेगळे होऊन येतात. एखादा राहून गेला तर कर्सर योग्य जागी ठेवून कंट्रोल आणि के दाबलं की दस्तऐवज तिथून दुभागतो. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड.

मग या प्रत्येक तुकड्याला एक कार्ड मिळतं. कंट्रोल १ दाबलं की निवडलेले सगळे तुकडे सलग वाचता येतात, कंट्रोल २ ला तेच तुकडे बोर्डावर टाचलेल्या कार्डांसारखे दिसतात, कंट्रोल ३ ला तक्त्यात. कार्डावर सारांश लिहायचा असतो. मजकुराच्या पहिल्या ओळी उचलून तो आपोआप भरायचंही बटण आहे, त्याला हात लावू नये. सारांश स्वतः लिहिण्यातच अर्धं संपादन होऊन जातं.

एक उदाहरण घेऊ. समजा, शेताच्या वाटणीच्या दाव्यावरची कादंबरी आहे. थोरले अण्णा, धाकटा दिनकर आणि दिनकरची बायको सुमन, अशा तिघांच्या तोंडून ती सांगितली जाते. प्रसंग चौसष्ट. प्रत्येक निवेदकाला एक लेबल आणि लेबलला रंग द्यायचा, आणि व्ह्यू मेनूतून तो रंग बाइंडरमध्ये दिसेल असं करायचं. लगेच कळतं की सुमनचा रंग चौदाव्या प्रसंगानंतर थेट एकतिसाव्याला आहे. मधले सोळा प्रसंग वाचक तिला विसरलेला असतो आणि म्हणून एकतिसाव्यातलं तिचं रडणं त्याला भिडत नाही. सलग फाइल दहा वेळा वाचूनही हे निसटतं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात सुमन सतत असतेच.

आता कार्डं वाचायची. बाविसाव्या कार्डावर लिहिलंय, ‘विहिरीच्या पाळीवरून भांडण होतं.’ ही नुसती घटना झाली. कार्डावर हवं ते हे: कुणाला काय हवं होतं आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असतं. विचार केल्यावर कार्ड असं होतं: ‘रात्रीच्या पाळीचं पाणी अण्णा वळवून घेतात, सुमन पहिल्यांदाच थोरल्या दिरांना उलट बोलते.’ एवढं लिहिलं की चूक समोर येते. हा प्रसंग अण्णांच्या तोंडी आहे, पण त्यात बदलतेय सुमन. तो तिच्या तोंडी दिला की सोळा प्रसंगांची ती फटही भरून निघते. पुढे सत्तावीस, अठ्ठावीस आणि तीस या तिन्ही कार्डांवर कुणी ना कुणी सातबारा काढायला तलाठ्याकडे चाललंय आणि तिन्हीकडे तलाठी जागेवर नाही. तीन खेपा खऱ्या आयुष्यात होतात, कादंबरीत एक पुरते. तिन्ही कार्डं निवडून डॉक्युमेंट्स मेनूतून मर्ज करायची, म्हणजे एकत्र जोडायची, आणि त्यातल्या दोन खेपा काढून टाकायच्या. आणि ज्या प्रसंगाच्या कार्डावर ‘काय बदललं’ याचं उत्तर लिहिताच येत नाही, तो प्रसंग कितीही सुरेख उतरलेला असला तरी जायला हवा.

याच्याच जोडीला कलेक्शन नावाची सोय आहे. सुमनचे सगळे प्रसंग निवडून त्यांचं एक कलेक्शन करायचं आणि फक्त तेवढेच ओळीने वाचायचे. तिचं माहेर सांगली-कोल्हापूरकडचं असेल आणि सुरुवातीला तिच्या तोंडी ‘काय कराय लागलाय’ असेल, तर पुढे ते कुठे सुटून ‘काय करतोय’ झालं हे अशा वाचनात ठळक दिसतं. वर्षभर थांबून थांबून लिहिलेल्या कादंबरीत बोली अशी हमखास घसरते. बाइंडरमधला मूळ क्रम या सगळ्यात हलत नाही.

फेरलेखनाची भीती घालवणारी सोय म्हणजे स्नॅपशॉट. कंट्रोल ५ दाबलं की त्या प्रसंगाची त्या क्षणाची प्रत जपली जाते. तिला नाव द्यावं, ‘अण्णांच्या तोंडी असताना’ असं काहीतरी, नाहीतर सहा महिन्यांनी नुसत्या तारखांवरून काही उमगत नाही. मग मूळ मजकूर बिनधास्त मोडता येतो. जुनी आणि नवी प्रत शेजारी लावून फरक पाहता येतो आणि हवी तर जुनी परत आणता येते. एक खबरदारी मात्र हवी. स्नॅपशॉट प्रोजेक्टच्या आतच राहतात. प्रोजेक्ट हरवला तर तेही गेले, त्यामुळे त्यांना बॅकअप समजू नये.

शब्दसंख्येचं लक्ष्य ठेवायची सोय चांगली आहे, पण ती पहिल्या खर्ड्यापुरती. प्रोजेक्ट टार्गेट्समध्ये ७५,००० हा आकडा, अंतिम तारीख आणि आठवड्यातले लिहायचे वार भरले की रोजचा वाटा ते स्वतः काढून देतं. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने पाच वार आणि रोजचे ३०० शब्द धरावेत. आठवड्याला दीड हजार, पन्नास आठवड्यांत ७५,०००. वाट लांब आहे, पण आकड्यांत मांडली की ती चालता येण्याजोगी आहे हे दिसतं. एखादा आठवडा बुडाला तर रोजचा वाटा थोडा वाढतो, एवढंच. दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी कबूल केली असेल तर अंतिम तारीख संपादकांनी दिलेल्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधीची टाकावी, कारण त्यानंतर वाचन आणि काटछाट उरतेच.

दुसऱ्या खर्ड्यात हेच लक्ष्य घात करतं. ज्या दिवशी तिन्ही तलाठी एकत्र करून १,८०० शब्द कापले जातात तो उत्तम कामाचा दिवस असतो, आणि मीटर मात्र शून्यावर किंवा उणे. माणसाचा जीव नकळत आकड्यात अडकतो आणि तो काटछाट टाळू लागतो. म्हणून पहिला खर्डा संपला की लक्ष्य बंद करावं आणि मोजदाद स्टेटसवर, म्हणजे प्रत्येक प्रसंग कुठवर आलाय त्या नोंदीवर, आणावी. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये स्टेटसची यादी बदलता येते. तिथल्या इंग्रजी पायऱ्या पुसून आपल्या टाकाव्यात: पहिला खर्डा, प्रसंग जागेवर बसला, मोठ्याने वाचून झाला, पक्का. तक्त्यात हा रकाना लावला की चौसष्टपैकी किती पक्के झाले ते दिसतं. फेरलेखनात प्रगती मोजायची ती अशी.

आता मराठीबद्दल. पहिली अडचण फॉण्टची. स्क्रिव्हनरचा मूळ फॉण्ट रोमन लिपीचा असतो. त्यात देवनागरी टाइप केली तरी अक्षरं दिसतात, कारण संगणक गुपचूप दुसरा फॉण्ट वापरतो. पण फाइलमध्ये नाव पहिल्याच फॉण्टचं राहतं. परिणाम असा की ओळींमधलं अंतर कमी-जास्त होतं आणि दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर वेगळाच दिसतो. म्हणून पहिल्याच दिवशी ऑप्शन्समध्ये, म्हणजे मॅकवर सेटिंग्जमध्ये, एडिटिंग आणि मग फॉरमॅटिंग इथे जाऊन देवनागरी फॉण्ट ठरवून टाकायचा. आधी लिहिलेल्या मजकुराला तो लागू होत नाही. त्यासाठी बाइंडरमधले सगळे दस्तऐवज निवडून डॉक्युमेंट्स मेनूतल्या कन्व्हर्टमध्ये ‘टेक्स्ट टू डिफॉल्ट फॉरमॅटिंग’ चालवायचं. फॉण्ट म्हणून मुक्ता किंवा टीरो देवनागरी मराठी घ्यावा, दोन्ही मोफत मिळतात. टीरोच्या या मराठी आवृत्तीत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. पुस्तक वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक कळतो. स्पेलिंग तपासणी बंद ठेवावी. इंग्रजी शब्दकोश चालू राहिला तर पानभर लाल रेघा येतात. शुद्धलेखन शेवटी वर्डमध्ये मराठी प्रूफिंग लावून तपासावं, आणि त्यानंतरही जाणकार मुद्रितशोधकाकडे द्यावंच.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. मोबाइलवर एका कीबोर्डने आणि संगणकावर दुसऱ्याने लिहिलं की काही अक्षरं दिसायला सारखी पण आतून वेगळी पडतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांमधला अर्धा र दोन प्रकारे तयार होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, काही साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘अ‍ॅ’ या अक्षराचंही तसंच आहे: कुठे ते एकच अक्षर म्हणून येतं, कुठे ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना ‘दुसऱ्या’ टाकलं तर निम्मे सापडतात आणि निम्मे राहतात. पात्राचं किंवा गावाचं नाव बदलायचं असेल आणि त्यात हे अक्षर असेल तर अर्ध्या पुस्तकात जुनंच नाव राहून जातं. उपाय असा, की दोन्ही रूपं मजकुरातूनच कॉपी करायची आणि प्रोजेक्ट रिप्लेसने एक रूप सगळीकडे सारखं करायचं. प्रोजेक्ट रिप्लेस मागे घेता येत नाही, अनडू चालत नाही. आधी पूर्ण प्रोजेक्टची प्रत काढून ठेवल्याशिवाय ते बटण दाबू नये. शिवाय ‘राम’ बदलताना ‘आराम’ आणि ‘रामराम’ही बदलतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘पूर्ण शब्द’ हा पर्यायही कामाचा नाही: त्याने ‘रामला’, ‘रामचं’ सुटतात. नावं एकेक पाहूनच बदलावीत.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये असेल तर तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा, मगच आत घ्यावा. तसाच घेतला तर नुसती रोमन चिन्हं दिसतात.

कंपाइल, म्हणजे तुकड्यांची जोडून एक फाइल करणं, हा स्क्रिव्हनरचा सगळ्यात अवघड भाग. इंग्रजीत लिहिणारेही इथे वैतागतात. मराठीसाठी सरळ नियम धरावा: पीडीएफ थेट काढायची नाही, वर्डची फाइल काढायची आणि पुढचं सगळं वर्डमध्ये करायचं. कंपाइल उघडून वर वर्डची डॉक्स फाइल निवडायची आणि डावीकडे ‘डिफॉल्ट’ हा साधा नमुना घ्यायचा. कुरिअर किंवा टाइम्सचे तयार हस्तलिखित-नमुने इंग्रजी प्रकाशकांसाठी आहेत. मग ‘असाइन सेक्शन लेआउट्स’मध्ये जायचं, तिथे कुठला तुकडा कसा छापायचा ते ठरतं. प्रसंगांना ‘अ‍ॅज-इज’ द्यायचं, म्हणजे मजकूर जसा आहे तसा जातो. प्रकरणाच्या फोल्डरला मथळा दाखवणारा लेआउट द्यायचा. बऱ्याच लेआउट्समध्ये मथळ्याआधी ‘चॅप्टर वन’, ‘चॅप्टर टू’ असे इंग्रजी शब्द आपोआप येतात. नमुन्याच्या संपादनात टायटल ऑप्शन्समधून तो उपसर्ग पुसायचा आणि बाइंडरमध्ये फोल्डरचंच नाव ‘प्रकरण १’ किंवा जे शीर्षक असेल ते ठेवायचं. फॉण्टच्या खोक्यात ‘सेक्शन लेआउटप्रमाणे’ अशा अर्थाचा पर्याय आधीच निवडलेला असतो, तिथे आपला देवनागरी फॉण्ट थेट निवडावा. दोन प्रसंगांमधली खूण, कोरी ओळ की तीन तारे, सेपरेटर्समध्ये ठरते. कधी कधी प्रसंगांची नावं मजकुरात छापून येतात. तसं झालं तर लेआउट चुकलाय, मजकुरात हात घालून नावं पुसत बसू नये.

वर्डमध्ये फाइल उघडली की आणखी एक पायरी आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतं आणि तिचा फॉण्ट नि आकार वेगळा ठेवतं. सगळा मजकूर निवडून कंट्रोल डी दाबायचं आणि त्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात फॉण्ट आणि आकार भरायचा. वरच्या पट्टीवर १४ दिसतंय आणि पानावर अक्षर बारीक आहे, असा प्रकार यामुळेच होतो. भाषाही मराठी करून टाकावी. तिरपा ठसा कुठेच ठेवू नये. देवनागरीत तो नुसता ओढून वाकवलेला येतो आणि छपाईत वाईट दिसतो. त्या जागी अवतरणचिन्हं किंवा ठळक ठसा वापरावा.

बॅकअप आणि सिंक याबाबतीत शिस्त लागते. लिहिणं दोन सेकंद थांबलं की मजकूर आपोआप जपला जातो आणि प्रोजेक्ट बंद करताना त्याची प्रत निघते. मुळात अशा शेवटच्या पाचच प्रती ठेवल्या जातात. दिवसातून चार-पाच वेळा उघडबंद करणाऱ्याच्या पाचही प्रती एकाच दिवसाच्या निघतात आणि कालचं प्रकरण परत मिळत नाही. हा आकडा २५ करावा आणि बॅकअपचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडमध्ये न्यावं. विंडोजवर प्रोजेक्ट म्हणजे एक फाइल नसून फोल्डर असतो, आत शेकडो छोट्या फाइल्स. कुणाला पाठवायचा तर आख्खं फोल्डर झिप करून पाठवावं. आतली एकच फाइल मेल केली तर पलीकडे कोरा सांगाडा उघडतो. चालू प्रोजेक्ट गूगल ड्राइव्हवर ठेवू नका, कंपनीनेच त्याबद्दल सावध केलं आहे. आयपॅडशी जोडायचं तर ड्रॉपबॉक्सच लागतं. एकाच वेळी दोन यंत्रांवर प्रोजेक्ट उघडा राहिला की एकाच प्रसंगाच्या दोन प्रती होतात आणि मग कुठली खरी हे हाताने शोधत बसावं लागतं. एका यंत्रावर बंद करा, सिंक पूर्ण होऊ द्या, मग दुसऱ्यावर उघडा.

अँड्रॉइडवाल्यांसाठीची वाट ही: फाइल मेनूतल्या सिंकमध्ये ‘विथ एक्स्टर्नल फोल्डर’ आहे. त्यात ड्राफ्टमधले सगळे प्रसंग साध्या मजकूर-फाइल म्हणून एका वेगळ्या फोल्डरमध्ये येतात. ते फोल्डर क्लाउडवर ठेवलं की फोनवरच्या कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतं. जीबोर्डवर मराठीत बोलून केलेली भरही चालते, फक्त विरामचिन्हं नंतर घालावी लागतात. घरी आल्यावर पुन्हा सिंक केलं की बदल प्रोजेक्टमध्ये येतात. बदल आत घेण्याआधी स्नॅपशॉट काढायचा पर्याय तिथेच आहे, तो चालू ठेवावा. साध्या मजकुरात ठळक ठसा आणि टिपा टिकत नाहीत, म्हणून फोनवर फक्त नवीन लिहावं, संपादन करू नये.

कथा, कविता, ललित लेख लिहिणाऱ्यांनी यावर पैसे घालू नयेत, त्यांना वर्ड किंवा लिबरऑफिस पुरतं. कादंबरी, चरित्र, प्रबंधावरून बेतलेलं पुस्तक, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास, मोठा अनुवाद, यांसाठी मात्र याच्या तोडीचं दुसरं सापडत नाही. पैसे घालवायचे नसतील तर विंडोजवर वायरायटर आहे, आणि मॅन्युस्क्रिप्ट (Manuskript) नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही आहे. प्रसंग वेगळे ठेवायची मूळ कल्पना दोन्हींत आहे, पण स्नॅपशॉटची तुलना आणि कलेक्शन यांचा सफाईदारपणा तिथे मिळत नाही.

चाचणीसाठी ३० दिवस मोफत मिळतात आणि ते वापराचे दिवस असतात, कॅलेंडरचे नाहीत. फक्त शनिवार-रविवारी उघडलं तर चाचणी पंधरा आठवडे पुरते. एवढ्या अवधीत दोन गोष्टी करून पाहाव्यात. एक, स्वतःच्याच अडलेल्या खर्ड्याचे तुकडे करून कार्डं लिहावीत. नमुन्याच्या मजकुरावर खेळून काही कळत नाही. दोन, दहा पानं कंपाइल करून, वर्डमधून नीट करून, ज्यांच्याकडे पुस्तकाची अक्षरजुळणी होणार आहे त्यांच्याकडे पाठवावीत. बऱ्याच ठिकाणी अजून युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये जुळणी होते आणि रूपांतरात अक्षरं फुटतात. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवर काम होत असेल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय चालू आहे ना ते विचारावं, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. त्या दहा पानांत हे शब्द मुद्दाम घालून ठेवावेत: दुसऱ्या, तऱ्हा, अ‍ॅडव्होकेट, ऑफिस, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, ह्रस्व, हृदय, शृंगार, ज्ञानेश्वर, महाराष्ट्र. प्रूफ परत आलं की आधी हे बारा तपासावेत. आणि एकदा जुळणी सुरू झाली की दुरुस्त्या जुळणीच्या फाइलमध्ये होत राहतात, स्क्रिव्हनरमधला मजकूर मागे पडतो. त्यामुळे शेवटचं प्रूफ मंजूर करतानाच त्यांच्याकडून युनिकोड मजकूर मागून घ्यावा आणि प्रोजेक्टमध्ये जपून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी काम तिथूनच पुढे सुरू करता येतं.